सड्यावरील आमरी व कांचेचें घर

आमरीच्या फुलांचें प्रदर्शन म्हटलें म्हणजे कांचेचें घर डोळ्यांसमोर उभें राहतें, व यास इतिहासांत कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील श्रीमंतांस उष्ण देशांतील आमरींचें विलक्षण वेड लागलें. डेव्हनशायरच्या ड्यूकनें १८३५ मध्यें जॉन गिब्सन नांवाच्या आपल्या माळ्यास हिंदुस्थानांत धाडलें. तो खासी टेकड्यांतील आमरींचा मोठा सांठा घेऊन १८३७ मध्यें स्वदेशीं परतला. त्याच ड्यूकच्या पदरीं जोसेफ पॅक्स्टन हा मुख्य माळी होता. झाडांसाठीं कांचघरें बांधतां बांधतां त्यानें जें कसब मिळविलें, त्याच्याच जोरावर १८५१ मध्यें लंडनच्या महाप्रदर्शनाचा स्फटिकमहाल उभा राहिला. तेव्हां प्रदर्शनाच्या इमारतीनें फुलास जागा दिली असें नसून, फुलाच्या घरापासूनच प्रदर्शनाची इमारत निपजली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आमच्याकडे हें वेड आलें नाहीं. आली ती नोंद. दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन (हे निराळे, वरील माळ्याशीं यांचा घोटाळा करूं नये) व डाल्झेल यांनीं १८६१ मध्यें मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें कुक यांचा अधिक विस्तृत ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत निघाला, आणि सांतापाव व कापडिया यांनीं तर १९६६ मध्यें केवळ मुंबईकडील आमरींवरच स्वतंत्र पुस्तक लिहिलें. या मंडळींचें प्रदर्शन म्हणजे वाळवून कागदावर डकविलेलें रोप. त्याची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. पांचगणीच्या नांवानें ओळखली जाणारी एक आमरी त्याच खटाटोपानें शास्त्रास ठाऊक झाली. परंतु कागद काय किंवा कांच काय, दोहोंतही फूल मातीपासून तोडावें लागतें, आणि सातारच्या आमरींची गोष्ट नेमकी तेथेंच अडते.

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारें पंचवीस किलोमीटरांवर कासचा सडा आहे. वर जांभ्या दगडाचें कातळ व त्यावर बोटभर-वीतभर माती. पावसाळ्यांत पाणी खालीं मुरत नाहीं, म्हणून सारें पठार ठिकठिकाणीं डबक्यांनीं व दलदलीनें भरून जातें. चैत्रांत तेंच तव्यासारखें तापतें. माती इतकी निकस कीं सीतेच्या आसवांसारख्या वनस्पती किडे धरून पोट भरतात. पाण्याच्या डबक्यांत उगवणारा वायतुरा १९८२ मध्यें सातारच्याच नांवानें शास्त्रांत नोंदला गेला. येथील बहुतेक आमरी झाडावरच्या नव्हेत, जमिनीवरच्या आहेत. आषाढ आमरी एखादें पान भुईस चिकटवून पांढरें फूल काढते. तिच्यामागून येणारी कंगवा आमरी सारीं फुलें एकाच बाजूस ओळीनें मांडते. पुढें पानें गळतात व कंद मातीखालीं निजून राहतो.

या आमरींचें बीज धुळीसारखें असून त्यांत शिदोरी मुळींच नसते. मातींतील विशिष्ट बुरशीनें पोसल्याशिवाय तें रुजत नाहीं, हें नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९९ मध्यें दाखविलें. १९२२ मध्यें नडसन यानें साखर व क्षार घातलेल्या खळींत बुरशीवांचून बीज रुजविण्याची युक्ति काढली, व आमरींच्या व्यापारास त्यामुळें बहर आला. परंतु बाटलींतून निघालेल्या रोपास सड्याचा कातळ, सड्याचें पाणी व सड्याची बुरशी कोण देणार? म्हणून कासवर आमरींसाठीं दालन बांधणें म्हणजे दालनाच्या पायाखालीं आमरी गाडणें होय. येथें आराखडा काढावयाचा तो फुलाचा नव्हे, पाहणाराचा.

२०१२ मध्यें सह्याद्रीच्या ३९ स्थळांस जागतिक वारशाचा मान मिळाला; महाराष्ट्रांतील चारांत कास, कोयना, चांदोली व राधानगरी हीं आलीं. सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यास लागून असलेल्या चांदोलीचे सडे राष्ट्रीय उद्यानांत, आणि २०१० पासून व्याघ्रप्रकल्पांत पडल्यामुळें तेथें गर्दीचा प्रश्न फारसा उद्भवला नाहीं. कासला मात्र हमरस्ता होता व माणसें लोटलीं. वनखातें व आसपासच्या गांवांच्या समित्या यांनीं मिळून शुल्क घेतलें, रोजची संख्या बांधली, ठरीव पायवाटा आंखल्या. हें योग्यच झालें. या शुल्कानें गांवकऱ्यांस कामही मिळालें. मात्र त्याबरोबर लोखंडी जाळीचें कुंपण आलें. त्यानें माणसें अडलीं तशीं गुरेंही अडलीं. चरणें थांबल्यानें गवत माजलें व बुटक्या फुलांवर सांवली पडली, असें गांवकऱ्यांचें व कित्येक अभ्यासकांचें म्हणणें पडलें, आणि अखेर तें कुंपण काढण्यांत आलें.

आम्हांस यांत नवल वाटतें तें हें, कीं पिढ्यान् पिढ्या या बागेंत फुकट राबणारा गुराखी आराखड्यांत कोणींच धरला नव्हता. ज्यांस छप्पर व भिंती हव्याच असतील, त्यांनीं त्या खालीं सातारा शहरांत उभाराव्या. तेथें चित्रें, वाळलेलीं रोपें व सूक्ष्मदर्शकाखालीं तें धुळीएवढें बीज सुखानें दाखवावें. वर सड्यावर पायवाट, ती पाण्याच्या ओघळीस न अडविणारी, गाड्या दूर, आणि कोणत्या महिन्यांत कोणत्या भागावर किती गुरें चरावीं, याचा हिशेब गांवकऱ्यांस विचारून ठेवलेला.