आधी दंडुका, मग लांडगा

घरचा कुत्रा खाताना जवळ आलेल्यावर गुरगुरला, सोफ्यावरून उतरायला तयार झाला नाही, की ‘तो स्वतःला अल्फा समजायला लागलाय, मालक कोण ते त्याला दाखवून द्या’ हा सल्ला आज शहरी मराठी घरांतही सहज मिळतो. देणाऱ्याची समजूत अशी, की यामागे लांडग्यांच्या कळपाचं शास्त्र आहे: कळपात एक म्होरक्या असतो, बाकीचे त्याच्या धाकात राहतात, आणि कुत्रा हा लांडग्याचाच वंशज. या सल्ल्याचा इतिहास तपासला तर क्रम उलटा दिसतो. धाकाची पद्धत लांडग्यांच्या अभ्यासातून निघालेलीच नाही. ती आधीपासून पोलिसांच्या आणि लष्कराच्या कुत्र्यांवर वापरात होती. लांडग्याचा दाखला तिला नंतर जोडला गेला. म्हणूनच पुढे तो दाखला खोटा ठरला तरी पद्धतीचं फारसं काही बिघडलं नाही.

जर्मनीत पोलिसांचे कुत्रे तयार करणाऱ्या कोनराड मोस्टचं प्रशिक्षणावरचं पुस्तक 1910 मध्ये निघालं. त्यात साखळीचे हिसके आणि छडी आहे, माणसाची सत्ता निर्विवाद असली पाहिजे हा आग्रहही आहे. पण मोस्टला निव्वळ दंडुकेशहा ठरवणं अन्यायाचं होईल. बक्षीस किंवा शिक्षा कृतीला लागूनच मिळाली पाहिजे, उशिराची शिक्षा कुत्र्याला कळत नाही, हे त्याने मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या 1938 च्या ग्रंथाआधी जवळजवळ तीन दशकं व्यवहारात वापरलं होतं. त्याच्यानंतर आलेल्यांनी हा बारकावा बराचसा सोडला आणि हिसका तेवढा ठेवला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी कुत्रे शिकवून पुढे डिस्नेच्या चित्रपटांसाठी प्राणी तयार करणारा अमेरिकन प्रशिक्षक विल्यम कोलर याचं पुस्तक 1962 चं. बागेत खड्डे खणणाऱ्या कुत्र्यावर त्याचा उपाय असा: तोच खड्डा पाण्याने भरायचा आणि कुत्र्याचं तोंड त्यात बुडवायचं. कुत्रा खणतो का, कंटाळून की उकाड्यात गार माती शोधत, हा प्रश्न या पद्धतीत उद्भवतच नाही.

लांडगे आले ते दुसऱ्या वाटेने. स्विस प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल याने बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरचा अभ्यास 1947 मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे 10 बाय 20 मीटरच्या आवारात ठेवलेल्या या प्राण्यांत त्याला वरचढपणाची सतत झटापट दिसली. डेव्हिड मीच या अमेरिकन संशोधकाच्या 1970 च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकाने ‘अल्फा’ची कल्पना सामान्य वाचकांपर्यंत नेली. 1978 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठाच्या साधूंनी कुत्र्यांवर लिहिलेलं पुस्तक गाजलं आणि चुकणाऱ्या कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याची युक्ती घरोघरी पोहोचली. जुना धाक आता निसर्गनियमाच्या वेषात आला. मारणाऱ्या मालकाला मन खात असेल तर त्यावरही हे औषध झालं.

मग मीचनेच दाखला मागे घेतला. 1986 पासून कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मुक्त लांडग्यांजवळ उन्हाळे काढल्यावर त्याला दिसलं, की जंगलातला कळप हे बहुधा एक कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची निरनिराळ्या वयांची पिल्लं. तिथे म्होरकेपण झुंजीत जिंकावं लागत नाही, ते आईबापपणातूनच येतं. 1999 च्या निबंधात त्याने हे स्पष्ट मांडलं आणि आपल्या जुन्या पुस्तकाची छपाई थांबवा, असं तो प्रकाशकाला सांगत राहिला. साधूंनीही 2002 च्या आवृत्तीत उताणं पाडण्याची शिफारस मागे घेतली. तरीही 2004 पासून अमेरिकन टीव्हीवर प्रशिक्षक सेसर मिलान कळपाच्या म्होरक्याची भाषा नव्याने लोकप्रिय करत होता.

कुणी म्हणेल, कुत्र्यांमध्ये वरचढपणा असतोच, तो नाकारायचा का? नाही. दोन कुत्र्यांत हाडकावरून किंवा जागेवरून एक दुसऱ्याला हटवतो, हे कुणीही पाहू शकतं. पण ते त्या दोघांमधलं, त्या वस्तूपुरतं नातं असतं. त्यावरून घरातल्या माणसांची गादी बळकावण्याचा डाव सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: धाक चालतो, हा अनेकांचा अनुभव आहे. चालतो, निदान त्या क्षणी. ओरडलं की गुरगुर थांबते, आणि थांबली की बक्षीस मिळतं ते ओरडणाऱ्याला. पुढच्या वेळी तो आणखी मोठ्याने ओरडतो. गुरगुरण्यामागे भीती असेल तर ती मात्र तशीच राहते, आणि गुरगुरून इशारा देणंच बंद केलेला कुत्रा पुढे ‘अचानक’ चावतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीसाठी 140 कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली. मारण्या-लाथाडण्याचा उपाय करणाऱ्यांपैकी 43 टक्क्यांना कुत्र्याचा आक्रमक प्रतिसाद मिळाला होता, उताणं पाडणाऱ्यांपैकी 31 टक्क्यांना. हे मालक वर्तनाच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात आलेले होते, म्हणून हे प्रमाण सगळ्या कुत्र्यांना लावता येणार नाही, हे खरंच. पण धाकाचा सल्ला दिला जातो तो अशाच कुत्र्यांसाठी.

मांजराच्या बाबतीत हा वाद कधी तापला नाही. मांजराचा म्होरक्या होण्याची उमेद फारसं कुणी धरत नाही, आणि या एका बाबतीत मांजराचं भलंच झालं. ते नको तिथे मुतलं की शास्त्रज्ञांची नजर मातीच्या ट्रेकडे, मूत्राशयाकडे आणि घरातल्या ताणाकडे वळू शकली. ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या दाहाने त्रस्त असलेल्या 46 घरमांजरांच्या मालकांना घराची मांडणी आणि मांजराची दिनचर्या बदलायला मदत केली: उंचावर बसायला जागा, लपायला आडोसा, खेळ, घरातल्या दुसऱ्या मांजरांशी होणारी तेढ कमी करणं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 10 महिन्यांच्या पाहणीत मूत्रविकाराची लक्षणं तर घटलीच, भित्रेपणाही कमी झाला.