धोकादायक कोण? कैद्यांच्या वर्गवारीचा इतिहास



तुरुंगात गेलेले सारे कैदी सारखेच, अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. वस्तुतः तसे नाही. कोणाला मोठ्या बराकीत ठेवायचे, कोणाला एकट्याच्या कोठडीत, कोणाला बागेत कामाला न्यायचे आणि कोणाच्या पायांत बेड्या ठोकायच्या, हे त्याच्या नावापुढे लागलेल्या वर्गावरून ठरते. हा वर्ग कोणी लावला, कशावरून लावला आणि तो पुन्हा कधी तपासला काय, हे तीन प्रश्न आज आपल्यापुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे. कायद्याचे रीतसर शिक्षण आम्हांस नाही. परंतु कारण न सांगता 'उपद्रवी' ठरवून कारखान्याच्या दाराबाहेर काढलेल्या माणसाची बाजू मांडण्यात आमचे आयुष्य गेले. म्हणून हा विषय आम्हांस परका वाटत नाही.

वर्गवारी ही मुळातच वाईट, असे मात्र कोणी समजू नये. 1894 च्या तुरुंग कायद्याने स्त्रिया व पुरुष, पोरसवदा व प्रौढ, कच्चे व शिक्षा झालेले कैदी यांना वेगवेगळे ठेवण्यास सांगितले. ते योग्यच होते. पण त्याच कायद्याच्या 56 व्या कलमाने तुरुंगाची स्थिती आणि कैद्याचा स्वभाव पाहून बेड्या घालण्याचा अधिकार अधीक्षकाला दिला. स्वभाव ओळखायचा कसा? त्याचे माप त्या कलमात नव्हते. 1911 साली सावरकर अंदमानात पोचले तेव्हा त्यांच्या बिल्ल्यावर 'डी' हे अक्षर होते. 'डी' म्हणजे डेंजरस, धोकादायक. सुटकेचे साल होते 1960. एका अक्षरात माणसाची पारख उरकली!

पुढे ह्या पारखीला नवे माप मिळाले, आणि त्यामागची कथा मोठी करुण आहे. 1929 च्या जूनमध्ये भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी उपोषण आरंभिले. राजकीय कैद्यांना गोऱ्या कैद्यांसारखे अन्न, वाचावयास पुस्तके आणि माणुसकीची वागणूक मिळावी, सक्तीची अंगमेहनत नसावी, अशी त्यांची मागणी होती. जुलैत लाहोरच्या तुरुंगात जतीन दास त्यांत सामील झाले आणि 63 दिवसांच्या उपोषणानंतर 13 सप्टेंबरला त्यांनी प्राण सोडला. देश हादरला. सरकारने 1930 च्या फेब्रुवारीत नवे नियम काढले आणि कैद्यांचे अ, ब, क असे तीन वर्ग केले.

आता ह्या वर्गांची कसोटी पाहा. सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणी ह्यांमुळे ज्याला उंची जीवनाची सवय आहे, तो वरच्या वर्गात. बाकी सारे 'क' वर्गात. एकाच सत्याग्रहात, एकाच कलमाखाली पकडलेले वकीलसाहेब 'अ' वर्गात जाऊ शकत होते आणि त्यांच्या शेजारी उभा असलेला शेतमजूर 'क' वर्गात. घरी ज्याला कधी खाट मिळाली नाही, त्याला तुरुंगात खाट कशाला, हे त्यामागचे तर्कशास्त्र! शिवाय हिंसेच्या व स्फोटकांच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना 'अ' वर्गाचे दार बंदच होते. म्हणजे ज्यांच्या उपोषणाने हे नियम आले, त्या भगतसिंगांना त्यांतला वरचा वर्ग मिळण्याची सोय नव्हती.

परके राज्य गेले; माप मात्र टिकून राहिले. पंजाबच्या पोलीस नियमांत 'वरच्या वर्गाचा' कच्चा कैदी आणि साधा कच्चा कैदी असा भेद होता. पहिल्याला खास कारणाशिवाय हातकडी नाही. दुसऱ्याच्या हातकडीला फारसे कारण लागत नसे. जणू पळून जाण्याची बुद्धी गरिबालाच होते! प्रेमशंकर शुक्ल ह्या तिहारच्या कच्च्या कैद्याने तारेने सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली आणि 1980 साली न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरविला. त्याआधी 1978 च्या सुनील बत्रा निकालात न्यायालयाने 56 व्या कलमालाही लगाम घातला होता. बेडी हा नित्याचा उपाय नव्हे. ती घालावयाची तर कारण लिहून ठेवा, कैद्याचे म्हणणे ऐका, असा त्या निकालाचा रोख होता.

दुसरे माप जन्माचे. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती 'गुन्हेगार' ठरविल्या. आपल्या सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवीत. त्यांतले कित्येक तेथूनच गिरणीत कामाला जात. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला, पण तुरुंगांच्या नियमपुस्तकांतून ती वृत्ती गेली नाही. पश्चिम बंगालच्या नियमांत असे होते की, भटक्या जमातींसारख्या, पळून जाण्याची उपजत ओढ असलेल्या वर्गाच्या कैद्याला रात्रीचा पहारेकरी नेमू नये. पत्रकार सुकन्या शांता यांनी अशा नियमांविरुद्ध अर्ज केला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवर आधारलेले हे नियम रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले.

तेव्हा कैद्याचा धोका मोजावाच लागेल. सोबत्यांना मारहाण करणारा आणि पाकीट मारून आलेला पोरगा यांना एका बराकीत कोंडणे हा पोरावर अन्याय आहे. 2023 साली केंद्रीय गृहखात्याने राज्यांसाठी जो नमुना कायदा तयार केला, त्यातही सुरक्षेच्या दृष्टीने कैद्याची पारख करण्याची तरतूद आहे. प्रश्न आहे तो मापाचा आणि फेरतपासणीचा.

कामगार चळवळीने शिकविलेल्या तीन गोष्टी आम्हांस येथेही लागू वाटतात. पहिली, आरोप लेखी हवा: ह्या माणसाने काय केले म्हणून हा वर्ग, हे त्याला समजेल अशा भाषेत कागदावर यावे. दुसरी, उत्तर देण्याची संधी हवी. तिसरी, ठरलेल्या मुदतीने फेरविचार हवा, आणि तो ज्याने वर्ग लावला त्याच्याखेरीज दुसऱ्याने करावा. मुकादमाच्या शेऱ्यावर मुकादमाकडेच दाद मागण्यात काय अर्थ?

हा मूठभर अट्टल गुन्हेगारांचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. 2022 अखेर देशातील तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसे होती. त्यांपैकी 4 लाख 34 हजार कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा होता. न्यायाधीशाचा निकाल लागण्याआधीच त्यांना तुरुंगाचा वर्ग लागतो. न्यायाधीशाच्या निकालावर अपील आहे. ह्या दुसऱ्या निकालावरही ते असावे, एवढीच आमची मागणी आहे, आणि आपण सुजाण नागरिकांनी ती उचलून धरावी, अशी आमची विनंती आहे.