चेहऱ्यापलीकडील भाव

व्यक्तिचित्रांतील भाव शोधावयाचा तो चेहऱ्यांत, अशी सामान्य समजूत आहे. फ्रेंच चित्रकार आंरी मातिस यानें १९१३ सालीं रंगविलेल्या पत्नीच्या चित्रापुढें ही समजूत टिकत नाहीं. आमेली मातिस खुर्चीवर बसली आहे. पोशाख निळसर, अंगावरून सोडलेली नारिंगी ओढणी, डोक्यावर पीस खोंवलेली टोपी. चेहरा मात्र राखेच्या रंगाचा, मुखवट्यासारखा. डोळे काळे, बुबुळांवांचून.

पाहणारा चटकन म्हणतो कीं, ही स्त्री दुःखी आहे, किंवा पतीच्या मनांतून उतरली आहे. हें दांपत्य १९३९ सालीं विभक्त झालें, हें ठाऊक असल्यास या तर्काला जोरच चढतो. परंतु मधलीं सव्वीस वर्षें पुसून शेवटावरून आरंभ वाचणें हा इतिहासाचा न्याय नव्हे.

विवाह झाला १८९८ सालीं. पतीचीं चित्रें खपत नव्हतीं, तेव्हां आमेलीनें पॅरिसमध्यें टोप्यांचें दुकान काढून संसाराला हातभार लावला. १९०५ सालीं मातिसनें तिचें टोपी घातलेलें चित्र प्रदर्शनांत मांडलें. त्यांतील भडक रंगांची लोकांनीं थट्टा केली. तरी पुढेंही ती त्याच्यासमोर बसत राहिली. १९१३ च्या चित्रासाठीं तर शंभरांहून अधिक बैठका झाल्या. बैठकीगणिक ओळखीचा चेहरा नाहींसा होत गेला आणि तिला रडूं कोसळलें. त्या रडण्याची आठवण पुढें मातिसनेंच पत्रांत काढली आहे.

मग भाव आहे कोठें? मातिसनें १९०८ सालच्या निबंधांत याचें उत्तर आधींच देऊन ठेवलें होतें. चेहऱ्यावर उसळणारा विकार म्हणजे अभिव्यक्ति नव्हे. आकृतीनें व्यापलेली जागा, भोंवतालची पोकळी, प्रमाण, या सर्वांच्या मांडणींत ती असते, असें त्याचें मत होतें. या दृष्टीनें पाहिल्यास चेहरा मौन धरतो, पण ओढणीची वळणदार रेघ, टोपीचा डौल आणि सभोंवारचा गहिरा निळा रंग बोलूं लागतात. त्यांत दुःखापेक्षां ऐट अधिक आहे.

हें चित्र मॉस्कोच्या सर्गेई श्चुकिन यानें विकत घेतलें. आज तें सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयांत आहे. आमेलीचे अश्रु खरे होते. मात्र ते चित्रांतल्या स्त्रीचे नव्हते. शंभर बैठकांनंतर स्वतःचा चेहरा परत न मिळालेल्या, समोर बसलेल्या स्त्रीचे ते होते. ते चित्रांतल्या डोळ्यांत शोधणें म्हणजे दोघींवरही अन्याय होय.