छोट्या खाण कंपन्या किरकोळ भागधारकांशी कशा बोलतात?

सोने किंवा मँगनीज शोधणारी छोटी कंपनी अनेक वर्षे काहीच विकत नाही. विक्री नसल्याने नफ्यावरून तिची किंमत ठरवता येत नाही. शेअरचा भाव बऱ्याच अंशी कंपनी काय सांगते यावर हलतो. त्यामुळे बातमी कुठून आली आणि तिची जबाबदारी कोणावर आहे, हे भागधारकाने आधी पाहायचे असते.

अधिकृत माहिती कुठे मिळते?

शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर. सेबीच्या २०१५ च्या सूचीबद्धता नियमांनुसार महत्त्वाची घटना तिथे ठरावीक वेळेत कळवावी लागते:

- संचालक मंडळाच्या बैठकीतील निर्णय: ३० मिनिटांत (बाजार बंद झाल्यावर बैठक संपली, तर ३ तासांत)
- कंपनीच्या आतली घटना: १२ तासांत
- बाहेरून आलेली घटना, उदा. सरकारी आदेश: २४ तासांत
- तिमाही निकाल: ४५ दिवसांत

गुंतवणूकदारांसाठी बैठक किंवा कॉल घेतलाच, तर निकालानंतरच्या कॉलचे ध्वनिमुद्रण आणि लेखी उतारा जाहीर करावा लागतो. मात्र असा कॉल घेण्याची सक्ती नाही.

अफवेवर कंपनी गप्प का राहते?

अफवेचा खुलासा करण्याची थेट सक्ती बाजारमूल्यानुसार पहिल्या २५० कंपन्यांनाच आहे. छोट्या खाण कंपन्या सहसा या यादीत नसतात. व्हॉट्सॲपवर 'मोठा साठा सापडला' असा संदेश फिरला आणि कंपनीने काहीच म्हटले नाही, तर त्या मौनाला दुजोरा समजू नये.

'सापडले' म्हणजे नेमके काय?

भारतात शोधाचे चार टप्पे मानतात. जी-४ ही सर्वांत प्राथमिक पाहणी, तर जी-१ हा सविस्तर शोध. 'रिसोर्स' म्हणजे जमिनीत असल्याचा अंदाज. 'रिझर्व्ह' म्हणजे त्यातला फायद्यात काढता येईल असा भाग.

हा फरक किती महागात पडू शकतो, ते कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीने दाखवले. इंडोनेशियातील खडकाच्या नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे १९९७ मध्ये उघड झाले आणि अब्जावधी डॉलरचे बाजारमूल्य नाहीसे झाले. त्यानंतर २००१ मध्ये कॅनडाने खनिजविषयक माहिती पात्र तज्ज्ञाच्या जबाबदारीवरच जाहीर करण्याचा नियम केला.

परवान्याची बातमीही तितकीच मोठी

मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या डेक्कन गोल्ड माइन्सने कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यात गणजूर येथे सोन्याचा शोध घेऊन खाणपट्ट्यासाठी अर्ज केला होता. २०२१ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा जुन्या प्रलंबित अर्जांचा हक्क संपला. जमिनीतले सोने होते तिथेच राहिले, पण भागधारकांसाठी चित्र पालटले. म्हणून ड्रिलिंगच्या निकालाइतकेच परवाने आणि कोर्टाचे आदेश वाचणे गरजेचे असते.

पुण्यातून प्रश्न कसा विचारायचा?

वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना २१ दिवस आधी मिळते. २०२० पासून कंपन्यांना ही सभा व्हिडिओद्वारे घेता येते, त्यामुळे अशा सभेसाठी पुण्याच्या भागधारकाला मुंबई गाठावी लागत नाही. बोलायचे असल्यास सूचनेत दिलेल्या मुदतीत नाव नोंदवावे. विचारण्याजोगे प्रश्न:

- शोध कोणत्या टप्प्यावर आहे आणि अहवाल कोणी तयार केला?
- कोणते परवाने बाकी आहेत?
- हाती असलेली रोकड किती महिने पुरेल?
- नवे शेअर काढणार का? काढल्यास जुन्या भागधारकाचा हिस्सा किती घटेल?

उत्तर ऐकल्यावर ठरावांवर ई-मतदान करता येते. लाभांश, शेअर हस्तांतरण किंवा माहितीबाबत तक्रार असेल, तर आधी कंपनी सचिवांना लिहावे. दाद न मिळाल्यास सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तिथे कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते.