भाभांचे भाकीत आणि गार्शिंगची भट्टी

१९५५ साली जिनिव्हाच्या अणुपरिषदेत अध्यक्षपदावरून मुंबईच्या होमी भाभांनी भाकीत केले: सूर्यात चालणाऱ्या अणुसंमीलनाची ऊर्जा माणूस वीस वर्षांत काबूत आणील. वीस वर्षे सरली, पण ते जमले नाही. टोकामॅक या कड्याच्या आकाराच्या यंत्रात चुंबकीय बळाने कोंडलेला प्लाझ्मा जितका तापवावा, तितकी त्याची उष्णता लवकर निसटे.

ही कोंडी फुटली आपल्या हेर्त्सोगेनआउराखच्याच बायर्न राज्यात, म्युनिकजवळच्या गार्शिंगला. १९८२ साली तिथल्या आस्डेक्स यंत्रात उष्णता टिकण्याचा काळ अचानक दुपटीच्या आसपास गेल्याचे फ्रिट्झ वाग्नर यांना आढळले. फ्रान्समधील ईटर प्रकल्पाची आखणी याच शोधावर बेतलेली आहे. २००५ साली भारत त्यात सामील झाला. यंत्राच्या अवाढव्य पोलादी आवरणाचे भाग सुरतजवळ हजिऱ्याला घडले.

भाभांच्या वीस वर्षांची सत्तर झाली. वीज अजून यायची आहे, पण वाट कोणी सोडलेली नाही.