लीला रावांचा विजय आणि मुखेडची लेक

१९३४ साली मुंबईच्या लीला राव यांनी विम्बल्डनच्या एकेरीत ग्लॅडिस साउथवेल यांना ४-६, १०-८, ६-२ असे हरवले. विम्बल्डनवर सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढच्या फेरीत त्या हरल्या, पण देशात त्यांनी अखिल भारतीय विजेतेपद अनेकदा पटकावले. ज्या समाजाने बाईला चूल आणि सोवळ्यात कोंडले, त्या समाजातली मुलगी इतक्या दूर जाऊन जिंकते, हे थोर आहे. आम्ही त्याचे मोल कमी करत नाही.

आमचे भांडण आहे ते 'गुणवत्ता असली की माणूस कुठूनही वर येतो' या वाक्याशी. लीला रावांच्या मागे काय उभे होते ते बघा. आजोबा शंकर पांडुरंग पंडित संस्कृतचे नामांकित विद्वान, तुकोबांच्या गाथेचे एक संपादक. आई पंडिता क्षमा राव संस्कृत कवयित्री, शिवाय स्वतः टेनिस खेळणाऱ्या. वडील डॉक्टर. घाम लीला रावांचाच होता. पण तो गाळायला कोर्ट कोणाला मिळत होते?

१९२७ साली लीला राव पंधरा वर्षांच्या होत्या. त्याच साली, त्याच मुंबई इलाख्यात, बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे महाडच्या चवदार तळ्यावर गेली. ओंजळभर पाणी प्यायले म्हणून त्यांना मार खावा लागला. आमचे मुखेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. जिथे पाण्यालाच विटाळ होता, तिथे टेनिसच्या जाळीपर्यंत कोण पोचणार? स्पर्धेत उतरूच न दिलेल्यांना 'मागे पडले' म्हणणे ही इतिहासाची लबाडी आहे.

मग घरात काहीच नसलेली मुलगी कधी पोचलीच नाही का? पोचली. तिचे नाव अल्थिया गिब्सन. महाडच्याच साली, ऑगस्ट १९२७ मध्ये, अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात बटाईने राबणाऱ्या काळ्या कुटुंबात ती जन्मली आणि न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढली. बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ या वस्तीच्या अगदी शेजारी. मे १९१६ मध्ये त्यांनी तिथे भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्याच वर्षी, गोऱ्यांच्या टेनिस संघटनेने दार लावले म्हणून काळ्या खेळाडूंनी अमेरिकन टेनिस असोसिएशन ही स्वतःची संघटना काढली.

अल्थिया आधी रस्त्यावर लाकडी फळीने खेळली. मग वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून तिला क्लबात घातले. ईटन आणि जॉन्सन या दोन काळ्या डॉक्टरांनी तिला घरी ठेवून घेतले, शिकवले, स्वतःच्या कोर्टावर खेळवले. १९५० पर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला प्रवेश नव्हता. अ‍ॅलिस मार्बल या गोऱ्या विजेतीने जाहीर पत्र लिहून आपल्याच लोकांना लाज वाटायला लावली, तेव्हा दार उघडले. १९५६ ला तिने फ्रेंच स्पर्धा जिंकली. १९५७ आणि १९५८, दोन्ही वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकन विजेतेपद तिचेच.

लीला रावांना जे घराने दिले, ते अल्थियाला समाजाने दिले. आमच्या मते या दोन कारकिर्दींतला खरा धडा हाच.

आणखी एक कडू गोष्ट. तेव्हा विजेतेपदाला पैसे नव्हते. उतारवयात अल्थिया इतकी हलाखीत सापडली की जुनी जोडीदार अँजेला बक्स्टनला तिच्यासाठी मदत गोळा करावी लागली. म्हणजे लेक जिंकली की मिरवणूक काढून मोकळे व्हायचे नाही. तिच्या पोटापाण्याचीही सोय बघायची.

मित्रहो, १४ एप्रिलला आपल्या वस्तीवस्तीत वर्गणी जमते. त्यातला डीजेचा वाटा कमी करून मुखेडच्या चार मुलींना बूट, प्रवासखर्च आणि शिक्षक देता येणार नाही का? 'संघटित व्हा' ही घोषणा भिंतीवर लिहिण्यापुरती नाही. लेकीच्या हातात रॅकेट देण्यासाठीही ती आहे.

जय भीम!