ताडी बंद करणारे आणि शाळा अर्धी करणारे राजाजी

गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांनी मतं दिली, की आपल्याकडं ‘बाटली आडवी झाली’ असं म्हणतात. तिकडं तमिळ मुलखात १९३७ साली सरकारनं एक अख्खा जिल्हाच कोरडा केला होता. सेलम हा तो जिल्हा, आणि ते करणारे मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री होते चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजेच राजाजी. आज त्यांच्याविषयी बोलू.

राजाजींचा जन्म १८७८ चा, सेलमकडच्याच एका खेड्यातला. वकिली चांगली चालत होती, ती सोडून ते गांधीजींबरोबर गेले. माणूस जुन्या वळणाचा. धर्म, रीत, कुटुंब यांना मानणारा. बदल हवा, पण सावकाश, कुणाला न दुखावता, असं त्यांचं मत. त्यांची लेक लक्ष्मी आणि गांधीजींचे धाकटे चिरंजीव देवदास यांना लग्न करायचं होतं. जात वेगळी. दोघांच्या वडिलांनी सांगितलं, आधी काही वर्षं लांब राहा, मग बघू. पोरं थांबली. शेवटी १९३३ साली आपल्या पुण्यात ते लग्न झालं आणि वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते लावलं. ‘नाही’ न म्हणता ‘थांबा’ म्हणायचं, ही राजाजींची रीत यात दिसते.

दारूच्या बाबतीत मात्र ते थांबले नाहीत. तिरुचेंगोडजवळच्या आश्रमात राहताना विणकरांची आणि शेतमजुरांची मजुरी ताडीच्या दुकानात कशी जाते ते त्यांनी पाहिलं होतं. जुलै १९३७ मध्ये सत्ता आली आणि १ ऑक्टोबरला सेलममध्ये दारूबंदी लागू झाली. पुढं आणखी काही जिल्हे जोडले. दारूवरच्या कराचा पैसा बुडाला, सरकार चालणार कसं? म्हणून १९३९ मध्ये त्यांनी विक्रीकर आणला. व्यापारी चिडले. आज किराण्याच्या बिलावर आपण जो कर भरतो, त्याची एक मुळी तिकडं जाते बघा. दारू सुटली ती बाईच्या घरात, आणि त्याची किंमत थोडी थोडी सगळ्यांनी भरली. मला हा हिशेब पटतो. त्याच सुमारास शेतकऱ्यांच्या जुन्या कर्जांवरचं थकलेलं व्याज कमी करणारा कायदाही त्यांनी केला. सावकाराच्या दारात उभं राहिलेल्या बाईला त्याचं मोल सांगायला नको.

देवळाच्या प्रश्नावर पुन्हा तीच सावकाशी. दलित नेते एम. सी. राजा यांनी १९३८ मध्ये मंदिरप्रवेशाचं विधेयक आणलं, तेव्हा राजाजींनी ते मागं घ्यायला सांगितलं. वर्षभरानं, १९३९ मध्ये, मदुराईचं मीनाक्षीचं देऊळ दलितांना खुलं झालं आणि ते खुलं करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा राजाजींनीच केला. देऊळ उघडलं हे खरं. पण ज्यांना पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर उभं केलं, त्यांना ‘आणखी थोडं थांबा’ सांगणं सोपं असतं, सांगणाऱ्यालाच.

आता शाळेचं. स्वातंत्र्यानंतर राजाजी देशाचे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९५२ मध्ये पुन्हा मद्रासचे मुख्यमंत्री. १९५३ मध्ये त्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी योजना काढली: रोज साधारण तीन तास शाळा, उरलेल्या वेळात मुलानं घरचा धंदा शिकायचा. शाळा दोन पाळ्यांत चालली की तेवढ्याच खोल्यांत आणि तेवढ्याच मास्तरांत दुप्पट मुलं बसतील, हा हिशेब. कागदावर चांगला. पण कुंभाराच्या मुलानं चाकच फिरवायचं आणि चांभाराच्यानं चामडंच शिवायचं, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला, आणि तो चुकीचा नव्हता. मुलींचं तर बोलायलाच नको. घरी राहिलेली मुलगी कुठला धंदा शिकणार? चूल, पाणी, धाकटं भावंडं, एवढंच. पेरियार आणि द्रमुकनं रान उठवलं, काँग्रेसमध्येही कुरबुर झाली. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेल्या कामराज यांनी योजना रद्द केली आणि पुढं शाळांमधून दुपारचं जेवण सुरू केलं.

राजाजी गप्प बसले नाहीत. १९५९ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला. शेतकऱ्याची जमीन सहकारी शेतीत ओढू नका, धंद्याला पावलोपावली परवाना मागू नका, असं त्यांचं म्हणणं. १९६७ च्या लोकसभेत या पक्षाचे ४४ खासदार होते. त्याच निवडणुकीत त्यांनी मद्रासमध्ये जुना विरोधक द्रमुकशी हात मिळवला आणि द्रमुक सत्तेवर आला.

त्याच द्रमुक सरकारनं १९७१ मध्ये, तिजोरी रिकामी म्हणून, दारूबंदी उठवायचं ठरवलं. तेव्हा राजाजी ब्याण्णव वर्षांचे होते. ते स्वतः मुख्यमंत्री करुणानिधींच्या घरी गेले आणि दुकानं उघडू नका म्हणून विनवणी केली. दुकानं उघडलीच. पुढच्या वर्षी, २५ डिसेंबर १९७२ ला, राजाजी गेले. १९७४ पर्यंत करुणानिधींच्याच सरकारनं दुकानं पुन्हा बंद केली होती.